‘पप्पा, तुम्ही मॅचला येऊ नका’

मराठवाड्यातल्या एका वडलांचं पत्र आलंय, चांगलं लांबलचक आहे, सगळं देत नाही, थोडक्यात सांगते. मुलगी नववीत, सातवीपासून शाळेच्या टीममध्ये सॉफ्टबॉल (बेसबॉलसारखा खेळ) खेळते, शॉर्टस्टॉपला, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधल्या जागेवर, उभी राहायची. यंदा सतरा वर्षांखालच्या टीममधून तालुका झाला, जिल्हा जिंकल्या, आणि विभागाच्या सेमीफायनलला शेवटच्या इनिंगमध्ये हिच्या ग्लोव्हजखालून बॉल गेला, दोन रन झाले, मॅच गेली. पुढच्या स्पर्धेत सरांनी हिला शॉर्टस्टॉपवरून काढून राइट फिल्डला, म्हणजे बेसच्या मागे लांब उजवीकडे, उभं केलं. वडील मॅच चालू असतानाच सरांकडे गेले, आवाज चढला, सगळ्यांनी बघितलं. गाडीवर घरी येईपर्यंत मुलगी एक शब्द बोलली नाही आणि रात्री जेवताना म्हणाली, "पप्पा, तुम्ही मॅचला येऊ नका."

तेव्हापासून ग्राउंडवरचं काही घरी सांगत नाही. पहाटे मात्र आपली आपण उठून जाते, किट स्वतः धुते. वडील लिहितात, "तिच्यासाठी मी ड्युट्या बदलून घेतल्या, ग्लोव्हज घेऊन दिला, आणि मलाच येऊ नका म्हणते. माझं काय चुकलं? सरांचं तिच्याशी वाकडं आहे असं वाटतं, शाळा बदलू का? पुढच्या वर्षी दहावी. हा गेम तर ऑलिंपिकमध्येपण नाही म्हणतात. बंद करू का?" मधेच एक ओळ आहे की खांदा दुखतो म्हणते, रात्री बाम लावून देतो. आणखी एक तक्रार आहे, मॅच हरल्यावर ही सगळ्या पोरींसमोर उठून म्हणाली की तो बॉल माझा होता. "ग्राउंडवर खड्डे होते, टप्पा चुकला, मग स्वतःच्या अंगावर कशाला ओढून घ्यायचं?"

दादा, तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही सगळ्यात घाईत लिहिलीय, ती खांद्याची. ते आधी घेऊ.

बाम बंद करा. म्हणजे बामाने काही वाईट होतं म्हणून नाही, पण त्याने दुखणं झाकलं जातं आणि पोरगी दुसऱ्या दिवशी परत तेवढेच थ्रो मारते. सॉफ्टबॉलचा बॉल साधारण 180 ते 200 ग्रॅमचा असतो, मुलींच्या क्रिकेटचा बॉल फार तर दीडशे ग्रॅमच्या आसपास असतो, म्हणजे हा बॉल चांगलाच जड आणि आकाराने मोठा, बोटांत नीट मावतही नाही. त्यात आता ती शॉर्टस्टॉपवरून राइट फिल्डला गेलीय. शॉर्टस्टॉपवरून फर्स्ट बेसला थ्रो करायचा म्हणजे वीसपंचवीस मीटरचं काम, पण राइट फिल्डवरून थर्डला किंवा होमला (बॅटर उभी असते तिथे) मारायचा तर अंतर जवळजवळ दुप्पट होतं. तिला विचारा दुखणं कधीपासून सुरू झालं, मला शंका आहे की जागा बदलल्यापासून झालं असणार, आणि शिवाय ती सगळ्यांच्या आधी जाऊन एकटी लांबचे थ्रो मारत असणार, कारण ज्या पोरीला जागेवरून काढतात ती हेच करते. या वयात हाडांची टोकं अजून वाढत असतात, तो भाग नाजूक असतो, त्यावर रोज ताण पडला तर दुखणं मुरतं.

म्हणून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, जवळपास फिजिओ असेल तर त्यांनाही दाखवा, मालिशवाल्याकडे नेऊन खांदा ओढून घेऊ नका. डॉक्टर सांगेपर्यंत थ्रो पूर्ण बंद. थ्रो बंद म्हणजे ग्राउंड बंद नाही, हे तिला आधी सांगा, नाहीतर ती तुमच्यापासून दुखणं लपवेल, या वयातल्या पोरी हमखास लपवतात कारण दुखतं म्हटलं की टीममधून नाव जाईल ही भीती असते. ती पळू शकते, जमिनीवरून येणारा बॉल उचलून शेजारच्या बादलीत टाकू शकते, बेसवरून सुटायचं टायमिंग शिकू शकते. आणि सरांना हे तुम्ही स्वतः शांतपणे सांगा. सरांशी बोलायचा तुमचा हक्क कुठे आहे विचाराल तर इथे आहे, तब्येतीच्या बाबतीत.

आता ती दुसरी तक्रार, जी वाचून मी पत्र बाजूला ठेवून जरा वेळ बसले. मी शाळेत पीटी शिकवायचे आणि बरीच वर्षं शालेय स्पर्धांना टेबलावर बसून स्कोअरिंग केलंय, म्हणून हे मला जरा तपशिलात सांगू द्या.

सॉफ्टबॉलच्या स्कोअरशीटवर प्रत्येक जागेला नंबर असतो. पिचर (बॉल टाकणारी) 1, कॅचर (बॅटरच्या मागे बसणारी) 2, फर्स्ट 3, सेकंड 4, थर्ड 5, शॉर्टस्टॉप 6, मग लेफ्ट, सेंटर, राइट 7-8-9. फिल्डरच्या हातून सोपा बॉल सुटला की स्कोअरर ‘ई’, म्हणजे एरर, लिहितो आणि पुढे तो नंबर, म्हणजे तुमच्या मुलीचं झालं ‘ई-6’. पेन्सिलीने लिहितात पण कायमचं राहतं. क्रिकेटमध्ये मिसफिल्ड झाली तर स्कोअरबुकात कुठे कुणाचं नाव लागत नाही, इथे लागतं, रन, हिट (बॅटरने स्वतः मारून बेस गाठला ते) आणि एरर असे तीन आकडे मॅच संपल्यावर वाचून दाखवतात. चूक झाली की ती मोजली जाते, नंबरासकट, आणि तरीही पुढच्या बॉलला तिथेच उभं राहायचं असतं. चौदा वर्षांच्या पोरीला हे दुसरीकडे कुठे शिकायला मिळतं सांगा बरं. शाळेत पेपर चुकला तर निदान निकाल नंतर येतो, घरी येऊन लागतो, इथे निकाल लगेच आणि दोन्ही टीमसमोर.

आणि आता तुमच्या खड्ड्याचा मुद्दा. तो बरोबर आहे. नियम असा आहे की साधारण प्रयत्नाने जो बॉल पकडता आला असता तो सुटला तरच एरर, खड्ड्यात पडून बॉलने अचानक टप्पा बदलला तर ती बॅटरची हिट धरतात, फिल्डरच्या नावावर काही लागत नाही. म्हणजे स्कोअररने कदाचित तिच्या नावावर ई लिहिलाही नसेल. तिच्याकडे सबब होती, खरी सबब होती, कुणी नाकारली नसती अशी. तरी ती उठून म्हणाली बॉल माझा होता. दादा, तुम्ही याला तक्रार म्हणून लिहिलंय. मला विचाराल तर दोन वर्षांत या खेळाने तिच्यात जे काही घडवलंय त्याचा पुरावा तुम्ही स्वतःच्या हाताने लिहून मला पाठवलाय.

का म्हणते ते सांगते. मॅच हरल्यावर टीममध्ये काय होतं ते मी टेबलावरून पुष्कळदा बघितलंय. पहिली पाच मिनिटं कुणी बोलत नाही, मग हळूच सुरू होतं, पिचरने खराब बॉल टाकून त्या बॅटरला फुकट फर्स्टला जाऊ दिलं (याला वॉक म्हणतात) म्हणून रनर आल्या, कॅचरने बॉल सोडला, सेकंडने कव्हर केलं नाही, असं प्रत्येकजण दुसरीकडे ढकलतं आणि संध्याकाळपर्यंत टीमचे दोन गट होतात. तुमच्या मुलीने एक वाक्य बोलून ते सगळं थांबवलं असणार. तिच्या पिचरला त्या रात्री झोप लागली असेल. यात स्वतःला कमी लेखणं नाहीये, कारण स्वतःला कमी लेखणारी पोरगी दुसऱ्या दिवशी पहाटे उठून ग्राउंडवर जात नाही, ती पोटात दुखतंय म्हणून घरी झोपते. ही गेली. हे दोन्ही एकत्र वाचा.

तुम्हाला वाटतं ती कडक झाली, बोलत नाही, दुरावली. थोडी दुरावली आहे, खोटं कशाला बोलू, आणि चौदा-पंधराव्या वर्षी लेक बापापासून थोडी दुरावतेच, सॉफ्टबॉल नसता तरी दुरावली असती. पण "येऊ नका" हे तुमच्यावरचा राग म्हणून वाचू नका. ती मॅचमध्ये काय करत असते ते बघा. शॉर्टस्टॉपला उभं राहिलं की बेसमधलं अंतर 60 फूट, म्हणजे 18 मीटर आणि थोडं, बॅटर फर्स्टला साधारण तीन-साडेतीन सेकंदात पोचते, तेवढ्यात बॉलकडे जायचं, उचलायचा, ग्लोव्हजमधून हातात घ्यायचा आणि मारायचा. शिवाय बॉल यायच्या आधीच ठरवून ठेवायचं की किती आउट आहेत, रनर कुठे आहे, माझ्याकडे आला तर मी कुठे देणार. बहुतेक बॅटर उजव्या हाताच्या असतात, त्यांचा जोरात मारलेला बॉल शॉर्टस्टॉप आणि थर्डच्या बाजूला जास्त जातो, त्यामुळे सगळ्यात जास्त बॉल तिच्याकडे, म्हणून सगळ्यात जास्त चुकाही तिच्याच दिसणार. एवढं डोक्यात चालू असताना बाजूने पप्पांचा आवाज आला की "पुढे हो, पुढे हो", तर डोकं दोन ठिकाणी जातं. आणि चूक झाली की तिची नजर आपोआप तुमच्याकडे वळते, तुमचा चेहरा बघायला. एका चुकीचे तिला दोन हिशेब द्यावे लागतात, एक ग्राउंडवर आणि एक तुमच्या चेहऱ्याला. तिला एकच द्यायचाय. म्हणून येऊ नका म्हणाली.

त्यात सरांशी जो वाद झाला तो तिच्यासाठी फार वाईट झाला, हे तुम्हाला पण कळलंय, पत्रात तुम्ही दोनदा लिहिलंय की आवाज चढायला नको होता. त्याचं असं आहे, जागा गेली हे दुःख तिचं होतं आणि ती ते तिच्या पद्धतीने पचवत होती, तुम्ही ते तिच्या हातातून काढून घेतलं. सगळ्या पोरींच्या देखत ती ‘जिच्या पप्पांनी भांडण केलं ती’ झाली. आता सर उद्या तिला परत शॉर्टस्टॉपला उभं करतील तेव्हा पोरी म्हणणार वडलांमुळे मिळालं, आणि तिची मेहनत कुणाला दिसणार नाही.

तर सांगा तिला. लांबलचक भाषण नको, तिच्या आईला मध्ये घालायला नको. "मी तिथे ओरडायला नको होतं, तुला लाज वाटली असेल, परत असं करणार नाही," बस. आणि मग खरंच जाऊ नका. पुढच्या दोनचार मॅच तिच्या तिला जाऊ द्या, टीमबरोबर जाते, मॅडम असतात, काळजी नाही. आली की "जिंकलात का" विचारायच्या आधी "भूक लागलीय का" विचारा. परत येतानाचा गाडीवरचा वेळ तर पूर्ण तिचा, बोलली तर ऐका, नाही बोलली तर गाडी चालवा. मुलं खेळ सोडतात त्यात घरी जातानाच्या या वेळेचा फार मोठा हात असतो असं माझं पक्कं मत झालंय, ग्राउंडवर हरतात त्यापेक्षा जास्त ती मागच्या सीटवर हरतात.

राइट फिल्डबद्दल पण तुमचा गैरसमज काढते, कारण तुमच्या पत्रात "कोपऱ्यात टाकलं" असं आहे. खरंय की शाळेच्या टीममध्ये कच्च्या पोरीला राइट फिल्डला उभं करायची पद्धत आहे, तिथे बॉल कमी जातो. पण नीट खेळणारी राइट फिल्डर काय करते माहितीये? इनफिल्डमधून फर्स्टला थ्रो जातो त्या प्रत्येक वेळी ती फर्स्टच्या मागे बॅकअपला पळते. प्रत्येक वेळी. शंभरातल्या नव्वद वेळा फर्स्ट बेसवाली बॉल पकडते आणि हिचं पळणं फुकट जातं, कुणी टाळ्या वाजवत नाही, स्कोअरशीटवर त्याचं काहीही लिहीत नाहीत, मी लिहायचे नाही म्हणजे लिहायला जागाच नसते. पण ज्या वेळी थ्रो वाकडा जातो आणि ती तिथे असते, तेव्हा रनर सेकंडला जायच्या ऐवजी फर्स्टलाच थांबते आणि एक बेस वाचतो. शालेय मॅचमध्ये थ्रो किती वाकडे जातात ते तुम्ही बघितलंच असेल. जी मुलगी दोन वर्षं सगळ्यांच्या नजरेसमोर शॉर्टस्टॉपला खेळली तिने आता कुणी न बघता पळायला शिकायचं, ही शिक्षा नसेलही. सरांनी कशासाठी केलं ते मला इथे बसून माहीत नाही. कदाचित तिचा दबाव कमी करायला केलं असेल, कदाचित त्यांना दुसरी पोरगी बरी वाटली असेल, कदाचित चुकलेही असतील. ते तिने विचारावं. तुम्ही नाही, तिने. "सर, मला परत शॉर्टस्टॉपला यायचंय, मी काय सुधारू?" एवढा एक प्रश्न. चौदा वर्षांच्या मुलीने मोठ्या माणसाला तोंडावर, आदराने, न रडता हे विचारणं फार अवघड आहे, घरी तुमच्यासमोर दोनदा बोलून बघायचं असेल तर बघू द्या. उत्तर काहीही येवो, तो प्रश्न विचारून आलेली पोरगी वेगळी असते.

शाळा बदलू नका. निदान या कारणासाठी नको. पहिल्यांदा जागा गेली म्हणून शाळा बदलली तर दुसऱ्यांदा जागा गेल्यावर ती काय करणार? हां, सर शिवीगाळ करत असतील, दुखत असताना खेळवत असतील, मुलींशी वागणं बरं नसेल, तर एक दिवस थांबू नका, मुख्याध्यापकांकडे जा. पण तुमच्या पत्रात तसं काही नाही.

तुम्हाला ग्राउंडसाठी खरंच काही करायचंय ना, तर एक काम सांगते जे बहुतेक सरांना सुचत नाही आणि मुली लाजेने बोलत नाहीत. सकाळी प्रॅक्टिसच्या वेळी शाळेचं टॉयलेट उघडं असतं का बघा. नसतं बऱ्याच ठिकाणी, शिपाई नंतर येतो. मग मुली काय करतात, घरून पाणीच न पिता येतात, तीन तास उन्हात खेळतात आणि घरी जाऊन पितात. स्पर्धेच्या ठिकाणी तर दिवसभर. डोकं दुखतं, चक्कर येते, पायात गोळे येतात, आणि सगळे म्हणतात पोरींना स्टॅमिना नाही. किल्ली कुणाकडे असते ते विचारून ती सकाळी साडेपाचला मिळेल एवढं करा, दहा-पंधरा पोरी मनात आशीर्वाद देतील. तसंच उपाशीपोटी पाठवू नका, केळं, गूळ-शेंगदाणे, रात्रीची पोळी दुधात कुस्करून, काहीतरी पोटात जाऊ दे. एकदा हिमोग्लोबिन तपासून घ्या. आणि तिच्या आईला विचारायला सांगा की पाळी नियमित आहे ना, खेळणाऱ्या मुलीची पाळी तीन महिने आली नाही तर "प्रॅक्टिसमुळे होतं" म्हणून सोडून द्यायचं नसतं, खाणं कमी पडतंय याची ती खूण असू शकते, डॉक्टरांना दाखवायचं.

पत्रात शेवटी तिच्या आत्याचं वाक्य आहे, पोरगी काळी पडली म्हणून. त्यावर मला एवढंच म्हणायचंय की ते वाक्य मुलीच्या कानावर पडू देऊ नका, आणि पडलंच असेल तर तुम्ही तिच्यासमोर तिच्या बाजूने बोला. बाप त्या वेळी काय बोलला हे मुली विसरत नाहीत.

आता दहावी. बंद करू नका, कमी करा, आणि ते तिच्याशी बसून ठरवा. शालेय स्पर्धा साधारण पावसाळा संपता संपता सुरू होऊन थंडीपर्यंत उरकतात आणि बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चला असते, म्हणजे दोन्ही एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. दिवाळीपर्यंत खेळ, नंतर आठवड्यातून दोन-तीन दिवस फक्त शरीर हलतं ठेवण्यापुरतं, असं होऊ शकतं. तिला वेळापत्रक करायला सांगा, तिच्या हाताने, तुम्ही फक्त बघा की झोपेचे आठ तास त्यात आहेत का. सहामाहीत 71 चे 68 टक्के झाले असं लिहिलंय तुम्ही, तीन टक्क्यांचं खापर खेळावर फोडायची घाई नको, कुठल्या विषयात गेले ते बघा आधी. आणि समजा दहावीत ती स्वतःच म्हणाली की हे वर्ष मला पूर्ण थांबायचंय, तर तेही ऐका, अकरावी-बारावीत एकोणीस वर्षांखालचा गट असतोच, तिथून परत सुरू करणाऱ्या मुली मी बघितल्यात. फक्त निर्णय तिचा हवा. तुम्ही बंद केलं तर ती आयुष्यभर म्हणेल पप्पांनी बंद केलं, आणि खांदे पाडून अभ्यासाला बसलेल्या पोरीचे टक्के वाढतात असं काही नसतं.

एक गोष्ट मात्र या खेळातून अभ्यासात सरळ जाते, तिला हवं तर सांगा. सॉफ्टबॉलमध्ये दहा वेळा बॅटिंगला येऊन तीनदा हिट मारणारी चांगली बॅटर समजतात. दहातल्या सात वेळा आउट होऊन परत येऊन बाकावर बसायचं, हेल्मेट नीट ठेवायचं आणि पुढच्या पोरीला ओरडून सांगायचं की पिचर बाहेरचा बॉल टाकतेय, बघून खेळ. आपलं जे चुकलं ते दुसरीच्या कामी यावं म्हणून लगेच सांगून टाकायचं. गणिताचा पेपर अवघड गेला की पुढच्या पेपरला रडत बसणाऱ्या मुलांमध्ये आणि हिच्यात हा फरक पडणार, पडलाच असेल. आणि बंट तर तुम्ही बघितलाय, रनर पुढे सरकावी म्हणून मुद्दाम हळू टोला देऊन स्वतः आउट होतात, त्याला सॅक्रिफाइस म्हणतात आणि तो बॅटरच्या ॲव्हरेजमध्ये धरतच नाहीत, तिचं नुकसान होऊ देत नाहीत. ज्याने कुणी हा नियम केला त्याला मी मनापासून मानते.

ऑलिंपिकचं तुम्ही विचारलंय. 1996 पासून 2008 पर्यंत सॉफ्टबॉल ऑलिंपिकमध्ये होता, मग 2012 आणि 2016 ला काढला, टोकियोला परत आला, 2024 ला पॅरिसला नव्हता, आणि 2028 ला लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये परत आहे. पण खरं सांगू, तुमच्या मुलीच्या बाबतीत या प्रश्नाला अर्थ नाही, ती ऑलिंपिकसाठी पहाटे उठत नाहीये. तरी तिला युकिको उएनो हे नाव सांगा, मोबाईलवर व्हिडिओ दाखवा. जपानची पिचर. 2008 ला बीजिंगमध्ये अमेरिकेला फायनलमध्ये हरवून गोल्ड जिंकलं, त्याआधीची तिन्ही गोल्ड अमेरिकेची होती. आणि त्यानंतर खेळच ऑलिंपिकमधून गेला. ती खेळत राहिली. 2021 ला टोकियोच्या फायनलला, परत अमेरिकेशीच, ती 39 वर्षांची होती. त्या मॅचमध्ये मधेच तिला काढून तरुण पिचर मिऊ गोतोला आणलं, आणि शेवटच्या इनिंगला उएनो परत आली आणि मॅच संपवली, 2-0. सॉफ्टबॉलमध्ये हे चालतं, सुरुवातीच्या टीममधल्या खेळाडूला बाहेर बसवलं तरी त्याच मॅचमध्ये एकदा परत येता येतं. तुमच्या मुलीला हा नियम पाठ असणार, पण जागा गेली की पाठ असलेलं आठवत नाही, म्हणून दाखवा.

नोकरीचं आणि सवलतीच्या मार्कांचं थोडक्यात. आपल्याकडे सरकारी नोकऱ्यांमध्ये खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण ते राज्य-राष्ट्रीय आणि त्यावरच्या कामगिरीच्या अटींवर असतं, पदाच्या गटाप्रमाणे अटी वेगळ्या, शिवाय सर्टिफिकेटची पडताळणी होते. जिल्हा जिंकल्याच्या कागदावर भरवसा ठेवून स्वप्नं बांधू नका. दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळू शकतात, त्याचा प्रस्ताव शाळेकडून जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे जातो, तारखा आणि अटी बदलत राहतात म्हणून यंदाच शाळेत विचारून ठेवा आणि आतापर्यंतची सगळी सर्टिफिकेटं, तालुक्यापासूनची, एका फाइलला लावून ठेवा, नाव-जन्मतारीख शाळेच्या रेकॉर्डप्रमाणेच आहे ना तेही तपासा, एका अक्षरासाठी मुलांचे कागद अडकलेले मी बघितलेत. हे मिळालं तर चांगलंच, पण मिळेल म्हणून खेळवू नका. तिला कळतं ते.

आणि शेवटचं, तुमच्यासाठी. ड्युटी बदलून घेऊन तुम्ही मॅच बघायला जात होता म्हणजे तुम्हालाही हा खेळ आवडलाय, ते काही गुन्हा नाही. तर स्कोअरिंग शिका. मुलीकडूनच शिका, संध्याकाळी अर्धा तास, ती वहीवर चौकट काढून तुम्हाला दाखवेल की हिट कसा लिहायचा, वॉक कसा लिहायचा, तिसरा आउट कुठे लिहून रेघ मारायची. तिला येत नसेल तर शाळेत कुणाला तरी येतंच. शालेय स्पर्धांना स्कोअरर कायम कमी पडतात. सुरुवात दुसऱ्या कुठल्यातरी मॅचपासून करा, मुलांच्या किंवा चौदा वर्षांखालच्या, तिच्या मॅचपासून नको. टेबलावर बसणाऱ्या माणसाला कुणाच्याच बाजूने ओरडता येत नाही, आणि प्रत्येक बॉल बघावा लागतो, राइट फिल्डर कुठे पळाली तेसुद्धा. तिच्या मॅचला कधी यायचं ते ती सांगेल, महिना लागेल नाहीतर वर्ष, तोवर विचारू नका.